पोकरमध्ये एका जोडीवर रेझ आली की: सराव-नोंद ३

पहिल्या दोन नोंदी फ्लॉपच्या (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) आधीच्या रेंजवर (कोणते हात खेळायचे ती यादी) गेल्या. आता खरी गळती जिथे होते तिथे: हातात एकच जोडी, आपण बेट लावलेली आणि समोरून रेझ, म्हणजे ती बेट वाढवलेली. पुढचे आकडे नो-लिमिट होल्डेम, ६ जणांचं कॅश टेबल आणि १०० बिग ब्लाइंडचे स्टॅक धरून आहेत. एकक सगळीकडे बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी एकाला लावावी लागणारी सक्तीची रक्कम; ती लावणाऱ्यालाही तेच नाव.

सरावाला घेतलेला हात असा. बटनवरून (डीलरच्या जागेवरून) २.५, बिग ब्लाइंडचा कॉल (तेवढीच रक्कम भरणं), स्मॉल ब्लाइंडचे ०.५ सोडून दिलेले, पॉट ५.५. फ्लॉप: इस्पिक एक्का, चौकट सत्ती, किलवर दुर्री. बटनकडे बदाम एक्का आणि एक राजा. २ ची बेट, त्यावर ८ ला चेक-रेझ (आधी चेक, मग रेझ).

कॉल ६ चा आहे आणि कॉलनंतर पॉट २१.५ होतो. म्हणजे २८ टक्के वेळा जिंकलं तरी भागतं. एवढं गणित सगळेच करतात आणि तिथेच थांबतात. पण टर्नवर (चौथा पत्ता) १४ आले आणि कॉल केला तर पॉट ४९.५ होतो आणि मागे उरतात ७५.५. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) ते सगळे पुढे सरकले की पॉटच्या दीडपट बेट समोर असते. ६ चा कॉल हा पूर्ण स्टॅकच्या प्रश्नाचा पहिला हप्ता आहे, म्हणून २८ ला किमान आकडा समजायचं, पुरेसा नाही.

आता मोजणी. एक्का-राजाला हरवणारे हात, कॉम्बोंमध्ये (पत्त्यांच्या शक्य जोड्यांमध्ये): सत्तीचे सेट (हातात जोडी आणि बोर्डवर तोच पत्ता) ३, दुर्रीचे सेट ३, एक्का-सत्ती ६ (एक्के दोनच उरलेत, सत्त्या तीन), एक्का-दुर्री एकाच रंगाची १. एकूण १३. एक्क्यांची जोडी बिग ब्लाइंडने आधीच थ्री-बेट (फ्लॉपआधी रेझवर पुन्हा रेझ) केली असती, म्हणून ती धरलेली नाही. सेटसमोर आपली आशा जवळपास शून्य, दोन जोड्यांसमोर साधारण १४ टक्के.

ब्लफ कुठून येणार? बोर्डवर तीन वेगळे रंग आहेत, फ्लशचा (एकाच रंगाचे पाच पत्ते) ड्रॉ, म्हणजे अजून पूर्ण व्हायचा हात, नाही. उरतात पंजी-चौकी, चौकी-तिर्री आणि पंजी-तिर्री: एकच ठरावीक पत्ता हवा असलेले स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) ड्रॉ, एकाच रंगाचे प्रत्येकी ४ कॉम्बो. त्यांच्यासमोर आपण सुमारे ८० टक्क्यांवर. समोरचा फक्त पंजी-चौकीनेच ब्लफ करत असेल तर सगळं मिळून आपली इक्विटी (जिंकण्याची सरासरी शक्यता) २५ टक्क्यांच्या आसपास येते. दोन प्रकारांनी करत असेल तर ३५, तिन्हींनी केला तर ४२-४३. ब्लफच नसेल तर ८. हातातले पत्ते तेच, बोर्ड तोच, आणि उत्तर चार कॉम्बोंवरून आठवर गेलं की उलटतं. ‘टॉप पेअर (बोर्डवरच्या सर्वात मोठ्या पत्त्याची जोडी), टॉप किकर (जोडीसोबतचा सर्वात मोठा पत्ता), कसा सोडू?’ हा प्रश्नच मुळात चुकीच्या बाजूने विचारलेला आहे.

एक फाटा राहिला. काही खेळाडू इथे एक्का-राणी आणि एक्का-गुलामही रेझ करतात. प्रत्येकाचे ८ कॉम्बो, आणि दोन्हींवर आपण खूप पुढे. अशांसमोर फोल्ड म्हणजे सरळ नुकसान. त्यामुळे शोडाउनला (हाताच्या शेवटी) उघडलेले पत्ते लिहून ठेवा. कोणी फ्लॉपवर एक जोडी रेझ केलेली दिसली, तर ती नोंद कुठल्याही चार्टपेक्षा मोलाची.

‘आपण कुठे आहोत ते कळावं’ म्हणून पुन्हा रेझ करणं ही सगळ्यात महाग सवय. चौकी-तिर्री पळते, सेट थांबतो. ज्यांच्याकडून पैसे मिळणार होते ते गेले आणि ज्यांना द्यायचे ते उरले. दुसरी चूक त्याच्या उलट: फ्लॉपवर कॉल आणि टर्नवर कुठलाही पत्ता आला, बेट पडली की फोल्ड. तसंच करायचं असेल तर ते ६ सुद्धा वाचवा. कॉल करण्याआधी टर्नचे पत्ते दोन ढिगांत लावायचे. वरच्या हातात राजा, नव्वी, अठ्ठी आली तर पुढे जायचं. तिर्री आली तर पंजी-चौकीचे ४ कॉम्बो ब्लफच्या खात्यातून थेट हरवणाऱ्या १३ च्या खात्यात जातात, तेव्हा हात आखडायचा.

टर्नवर पहिल्यांदा आलेली रेझ वेगळी. फ्लॉपवर नुसता कॉल, मग टर्नवर रेझ, अशी चाल लहान स्टेक्सवर (कमी रकमेच्या टेबलांवर) ब्लफ म्हणून फार कमी दिसते. तिथे एक जोडी सोडण्यात फारसं दुःख नको.

हे सगळं खोल स्टॅकसाठी. थ्री-बेट पॉटमध्ये (२.५, ११, कॉल) फ्लॉपवर पॉट २२.५ आणि मागे ८९, म्हणजे उरलेला स्टॅक आणि पॉट यांचं गुणोत्तर ४ च्या आसपास. तिथे चांगल्या किकरची टॉप पेअर एका रेझवर सहसा सोडत नाहीत. फोर-बेट (थ्री-बेटवर आणखी एक रेझ) पॉटमध्ये ते दीडच्या आसपास येतं, मग प्रश्नच मिटला.

रिव्हरला हातातल्या रंगाकडे बघा. बोर्ड बदाम राणी, बदाम नव्वी, किलवर चौकी, इस्पिक दुर्री, चौकट सत्ती. समोरून तिन्ही वेळा बेट, शेवटची पॉटएवढी, म्हणजे ३३ टक्के हवेत. हातात एक्का-राणी. एक्का बदामचा असेल तर बरं वाटतं, पण तोच कॉल वाईट करतो: हुकलेले बदाम-एक्क्याचे फ्लश ड्रॉ समोरच्याकडे असूच शकत नाहीत, ब्लफ घटले. इस्पिक एक्का आणि किलवर राणी असेल तर हुकलेले बदाम आणि गुलाम-दश्शी सगळे शाबूत. जोडी तीच, कॉल मात्र दुसऱ्या हाताचा.

या आठवड्याचा सराव: स्वतःचे, फ्लॉपवर किंवा टर्नवर रेझ खाल्लेले २० हात काढायचे. इक्विटी कॅल्क्युलेटर उघडण्याआधी हरवणारे कॉम्बो डावीकडे, ब्लफ उजवीकडे कागदावर लिहायचे. उजवी बाजू बहुतेक वेळा फुगवलेली निघते, कारण ‘तो हेही रेझ करू शकतो’ असं म्हणून आपणच तिथे हात भरत जातो. तिघांचे पॉट पुढच्या नोंदीत; तिथे हे ब्लफचं खातं आणखी रोडावतं.