ठोके यायच्या आधीचे दिवस

शुक्रवार, रात्री

आज सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसली. पिशवीत योक सॅकचं, म्हणजे सुरुवातीला बाळाला पोसणाऱ्या छोट्या पिशवीचं, बारीक कडं पण दिसलं. बाळ नाही दिसलं आणि ठोके पण नाहीत.

पाळीच्या तारखेनं मोजलं तर सात आठवडे होऊन गेलेत, आणि मशीनवर साडेपाचच्या आसपासच येतंय. आधी पोटावरनं बघितलं, त्यासाठी सकाळपासनं पाणी पिऊन बसलेले, मग डॉक्टर म्हणाल्या बाथरूमला जाऊन या, आतनं बघू, इतक्या लवकर आतनंच नीट दिसतं. आतनं पण तेवढंच. पिशवी 9 मिलिमीटर. मी स्क्रीनकडं बघायचंच सोडलं आणि डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत बसले, कारण मागच्या वेळी मला आधी तोंडावरनंच कळलं होतं.

पण या बाईंनी प्रोब बाजूला ठेवला आणि खुर्ची माझ्याकडं ओढून सावकाश समजावून सांगितलं. आठवडे मोजायचं गणित 28 दिवसांच्या पाळीचं असतं, तुमची येते 40-42 दिवसांनी, म्हणजे गर्भ राहिलाच दोन आठवडे उशिरा, मग कागदावर सात आणि पोटात साडेपाच असं होऊ शकतं. ठोके सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागतात, तेव्हा हृदय म्हणजे नुसती एक नळी असते, कप्पे वगैरे नंतर. मग मी विचारलंच, की तुम्ही नाही असं नक्की कधी म्हणता? तर म्हणाल्या, बाळाची लांबी 7 मिलिमीटर किंवा त्याच्या वर गेली आणि तरी ठोके नाहीत, किंवा पिशवी सरासरी 25 मिलिमीटरची झाली आणि आत बाळच नाही, तेव्हा. त्याच्या आत कुणी काही ठरवायचं नाही, थांबायचं आणि परत बघायचं. दहा-बारा दिवसांनी या म्हणाल्या. लाल ब्लीडिंग झालं किंवा पोटात जोरात दुखलं तर मात्र थांबू नका, रात्री पण फोन करा.

हे 7 आणि 25 चे आकडे मला फार आधाराचे वाटतायत. कुणीतरी नियम घालून ठेवलाय की घाई करायची नाही. पोवई नाक्यावरनं घरी येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही, आणि घरी आल्यावर नवऱ्यानं पहिलं काय केलं तर फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची नवीन पट्टी डब्यात भरून ठेवली.

रविवार

मागच्या वेळचं लिहूनच टाकते.

दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात तपासायला गेले तेव्हा सांगितलं की ठोके थांबलेत, बाळ सातव्या आठवड्याएवढंच राहिलंय. मला कळलंच नव्हतं, मळमळ तशीच होती, काही दुखलं पण नव्हतं. मग गर्भाशयाची पिशवी साफ केली, दोन दिवस घरी राहिले आणि तिसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेत उभी. कुणाला माहितीच नव्हतं, कारण तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं सगळ्यांनी बजावलेलं. म्हणजे असल्याचं माहिती नव्हतं म्हणून गेल्याचं पण कुणाला माहिती नाही. त्याच संक्रांतीला हळदीकुंकवाला एका काकूंनी वाण हातात ठेवता ठेवता विचारलं, अजून काही नाही का गं? त्या वाईट नाहीत, त्यांना खरंच माहिती नव्हतं. आणि मला त्यांना सांगता पण येईना, कारण जे सांगितलंच नव्हतं ते गेलं असं कसं सांगायचं.

तीन महिन्यांच्या रितीमागं कारण आहे ते मला कळतं. कळून आलेल्या दर शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस जातात आणि त्यातली बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच. जवळपास निम्म्या वेळा गुणसूत्रांतच गडबड असते, बाईनं पपई खाल्ली, घागर उचलली, गाडीवरनं गेली म्हणून नाही. पण मग ज्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त भीती असते, त्याच तीन महिन्यांत बाईनं एकटीनं राहायचं ही रीत मला पटत नाही. यावेळी मी सांगणार.

पहिल्यांदा आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या, सगळं घर त्यांना आत्याबाईच म्हणतं. एएनएम होत्या, म्हणजे गावोगावी गरोदर बायकांना बघणाऱ्या सरकारी नर्स. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी कोयनेच्या पाण्याकडेच्या गावांत काढली, बामणोली, तापोळा त्या बाजूला, शिवसागरातनं लाँचनं जायचं, पावसात लाँच बंद पडली की अडकूनच राहायचं. मी सांगितलं ठोके दिसले नाहीत, तर त्या काही हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडं कुठलं गं मशीन! कर्ण्यासारखी नळी व्हती, पोटावर टेकवायची आन दुसऱ्या टोकाला कान लावायचा. पाचवा महिना लागल्याबिगर काय ऐकू यायचं नाही. तवर काय करायचं? वाट बघायची. आन वाट बघताना बाईजवळ कुणीतरी पायजे."

ती नळी पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1895 साली काढली आणि अजून चालते, वीज नको काही नको. आत्याबाई सांगत होत्या की कान लावताना एका हातानं आईचं मनगट धरून ठेवायचं. मनगटातली नाडी आणि कानातला ठोका एकाच वेळी पडत असेल तर तो आईचा, बाळाचा नाही. आणि अजून एक सांगितलं, ते माझ्या डोक्यातनं जात नाही. त्यांच्या रजिस्टरमध्ये तीन महिन्यांच्या आत गेलेल्यांची नोंद बहुतेक वेळा व्हायचीच नाही, कारण बाई दवाखान्यात यायचीच पोट दिसायला लागल्यावर. कितीजणींचं गेलं असेल आणि त्या दुसऱ्या दिवशी भातात उभ्या राहिल्या असतील.

गौरी जेवणाचा दिवस

घर भरलेलं. काल तेरड्याच्या गौरी आणल्या, हळदी-कुंकवाची पावलं काढत काढत आत घेतल्या, कशाच्या पावलांनी आली गौर, सोन्या-मोत्यांच्या पावलांनी, हे म्हणताना माझा आवाज फुटंना. सकाळी थोडं तपकिरी स्पॉटिंग झालं. मोरीत उभी राहूनच डॉक्टरांना फोन केला. तपकिरी आहे, थोडं आहे, दुखत नाही, म्हणजे जुनं रक्त असेल, बघत राहा म्हणाल्या. मी बाहेर आले तर सासूबाई पुरणाचं पातेलं उतरवायला हाक मारतायत.

तेव्हाच सांगितलं. स्वयंपाकघरात, नणंद आणि जाऊबाई पण तिथंच होत्या. आई, मला दिवस गेलेत, ठोके अजून दिसले नाहीत, परवा परत बघणारेत, आणि आज थोडं अंगावरनं गेलंय.

सासूबाई आधी रागावल्या. इतक्या लवकर कुणी सांगतं का, नजर लागते, सणाचं घरात शंभर माणूस येऊन जाणार. मी म्हणलं आई, मागच्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं तरी गेलंच की. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पातेलं जाऊबाईंनी उतरवलं. मला पाट दिला आणि बसल्या जागी पोळ्या मोजून डब्यात भरायला सांगितल्या, आणि संध्याकाळी आरती झाल्यावर मीठ-मोहऱ्या घेऊन माझ्यावरनं ओवाळून टाकल्या. मी गप उभी राहिले. त्यांना जे येतं ते त्या माझ्यासाठी करत होत्या, मला त्यात फार बरं वाटलं. रात्री नणंदेनं माझ्याजवळ अंथरूण टाकलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला लवकर झोप लागली.

बुधवार

दिसले!!!

बाळ 9.8 मिलिमीटर. ठोके मिनिटाला 132. मी परत परत लिहिणार, 132, 132.

यावेळी मी स्क्रीनकडंच बघत होते. राखाडी, त्यात काळी पिशवी, पिशवीच्या कडेला चिकटून एक पांढरं छोटं काहीतरी, आणि त्याच्या मधोमध लुकलुक लुकलुक चाललेलं. डॉक्टर बोलायच्या आधी मला दिसलं. इतकं भराभर असतं ते, माझा श्वास एकदा व्हायच्या आत त्याचे पाच-सहा होऊन जात असतील. मग त्यांनी त्यावरनं एक उभी रेघ धरली आणि खाली लाटा लाटा उमटत गेल्या, दोन लाटांमधलं अंतर मोजून मशीननं आकडा दिला.

मी विचारलं, आवाज ऐकवता का? सगळ्या व्हिडिओत तर ऐकवतात. नाही म्हणाल्या, आणि का ते पण सांगितलं. नुसत्या चित्रासाठी लागणारी ध्वनिलहर सौम्य असते, आवाजासाठी जो डॉपलर लावतात त्यात सगळी शक्ती एका जागी एकवटते, तिथं उष्णता वाढू शकते, आणि बाळ अजून सेंटिमीटरभर पण नाही, तर गरज नसताना कशाला. बारा आठवड्यांनंतर ऐका. मला पटलं. घरी वापरायचं छोटं डॉपलर ऑनलाइन मिळतं, ते मी कार्टमध्ये टाकून ठेवलेलं, त्याबद्दल पण विचारलं. ते तर घेऊच नका म्हणाल्या. आपलीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज ऐकून बाई निर्धास्त होते आणि त्रास होत असताना दवाखान्यात यायला उशीर करते, नाहीतर मग काहीच सापडत नाही म्हणून रात्रभर रडते, बाळ व्यवस्थित असतानाही. बाहेर येऊन कार्ट रिकामं केलं.

मिरजेला आईला फोन लावला. ती बोललीच नाही, नुसती रडली, मग म्हणाली जेवलीस का.

नवरात्रात, एके दिवशी

मळमळ भयंकर. भाकरी थापताना पिठाचा वास पण सहन होईना. शाळेतनं येताना कासला फुलं बघायला जाणाऱ्या गाड्यांची ही रांग लागलेली, त्या ट्रॅफिकमध्ये रस्त्याकडेला उलटी झाली.

पण लिहायचंय ते वेगळंच. शेजारच्या वहिनींनी विचारलं, ठोके किती आले? मी कौतुकानं सांगितलं, आता नवव्या आठवड्यात 170. तर लगेच, 140 च्या वर म्हणजे मुलगी हां. आणि तोंड थोडं उतरलं त्यांचं.

मला इतका राग आला. त्यांचा नाही, त्या समजुतीचा. ठोक्यांवरनं मुलगा-मुलगी कळत नाही. सहाव्या आठवड्यात 110 च्या आसपास असतात, वाढत वाढत नवव्याला 170 पर्यंत जातात, मग परत खाली येत चौदाव्याच्या सुमाराला 150 च्या आसपास, हे सगळ्याच बाळांचं असं होतं. मग काय सहाव्या आठवड्यात सगळे मुलगे आणि नवव्यात सगळ्या मुली? ज्या आकड्यासाठी मी इतकी तडफडले, तो आकडा ऐकून कुणाचं तोंड उतरावं हे मला सहनच होत नाही.

माझं माहेर मिरजेचं. म्हैसाळ आमच्या तालुक्यातलंच. 2017 च्या मार्चमध्ये तिथं 19 भ्रूण पुरलेले सापडले तेव्हा आई कितीतरी दिवस नीट जेवली नव्हती. गर्भलिंग निदानाच्या विरोधातला कायदा 1994 चा आणि सापडले 2017 ला. सोनोग्राफीच्या आधी तो फॉर्म भरून घेतात, एफ फॉर्म, त्यात लिहून द्यायचं की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. बऱ्याचजणी न वाचता सही करतात. मी पूर्ण वाचून सही करते. आमच्या साताऱ्यातनंच वर्षा देशपांडे यांनी लेक लाडकी अभियान उभं केलं, गरोदर बायकांना सोबत घेऊन चोरून लिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना पकडून दिलं. त्या बायका पोटात बाळ घेऊन तसल्या ठिकाणी गेल्या असतील, किती धीर लागला असेल.

वहिनींना मी सगळं समजावून सांगितलं, चहा करून दिला आणि सांगितलं. ऐकलं त्यांनी. सुनेला पण सांगीन म्हणाल्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात

बारा आठवडे झाले. आज ऐकलं.

आत्याबाई बरोबर आल्या होत्या, हट्टानं. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजायची सोनोग्राफी, झाला, सगळं नीट आहे म्हणाल्या, मग सिस्टरनी टेबलावर झोपवून पोटाला थंडगार जेल लावलं आणि छोटं डॉपलर फिरवायला सुरुवात केली. आधी नुसतीच खरखर. मग एक संथ आवाज आला, फुस्स... फुस्स... आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "थांब, ती तू हायस." त्यांनी माझं मनगट कधी धरलं होतं मला कळलंच नव्हतं. सिस्टर हसल्या, मॅडम बरोबर आहेत म्हणाल्या, 84, ही तुमची.

मग अजून थोडं खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या अगदी वर, प्रोब जरासा तिरका केला आणि एकदम सापडलं. घाईघाईचं, एकामागनं एक, मध्ये जागाच नाही. 158. आत्याबाईंनी मनगट सोडलं नाही, डोळे मिटून ऐकत राहिल्या, दोन्हीकडं लक्ष, आणि म्हणाल्या, "हे येगळं हाय. हे त्याचंच." कितीजणींच्या पोटाला कान लावलेली बाई ही, पण बारा आठवड्यांचं त्यांनी पण आज पहिल्यांदाच ऐकलं. सिस्टरना सांगून त्यांनी परत एकदा ऐकवून घेतलं.

कार्डावर 158 लिहून घेतलं. पुढची सोनोग्राफी आता अठरा ते वीस आठवड्यांमध्ये.

आणि अजून एक. आमच्या शाळेत नवीन लागलेली एक मॅडम आहे, जेमतेम ओळख. मी सगळ्यांना आधीच सांगून बसलेय हे तिला माहिती. आज मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ताई, माझी पण काल सोनोग्राफी झाली, सॅक दिसली पण ठोके नाही दिसले, घरी नवऱ्याशिवाय कुणालाच माहिती नाही. मी तिला आधी पिशवी किती मिलिमीटर आली ते विचारलं, पाळी किती दिवसांनी येते ते विचारलं, 7 आणि 25 चं सांगितलं, आणि परत जाशील तेव्हा काय काय विचारायचं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. ठोके येतीलच असं नाही सांगितलं, ते मला माहिती नाही. नवऱ्याला रजा मिळत नाही म्हणून परत बघायला ती एकटीच जाणार होती, तर मी येते म्हणलं. हेडमास्तरांकडं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकलाय. फॉर्म भरण्यात वेळ जातो, तिला सांगितलंय अर्धा तास आधीच पोचू.