टॉवरमध्ये शेजार राहतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी आर्किटेक्ट आहे म्हटलं की रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीतले काका-काकू हमखास विचारतात, टॉवर झाला की शेजार संपणार ना हो? माझं मत सांगते, उंचीमुळे संपत नाही. घराचं दार आणि लिफ्ट यांच्यामधली जागा कशी बांधलीय त्यावर सगळं ठरतं.

वरळीच्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी बघा. 1920 च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या, संडास कॉमन. एवढ्याशा खोलीत संसार मावायचाच नाही म्हणून तो पॅसेजमध्ये यायचा, मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं, भांडणंसुद्धा तिथेच. आता तिथे 40 मजली टॉवर उभे राहतायत, 500 चौरस फुटांची घरं, ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या किल्ल्याही मिळाल्या. हे व्हायलाच हवं होतं, घरात स्वतःचा संडास असणं ही चैन नाहीये, त्यामुळे चाळीच्या आठवणी काढून कोणी नाक मुरडू नये. पण पॅसेजचं जे काम होतं ते आता कुठे होणार, हे प्लॅन काढतानाच ठरवावं लागतं. लिफ्टची लॉबी अंधारी, दिवसाही ट्यूबलाइट लागते, खिडकी नाही, मग माणूस तिथे थांबेल कशाला? तिथेच एक खिडकी, वारा, टेकायला कट्टा दिला की बोलणं सुरू होतं. टेरेसवरचं क्लबहाऊस हे करू शकत नाही कारण तिथे मुद्दाम जावं लागतं, आणि शेजार हा जाता-येता होतो.

सिंगापूरच्या सरकारी घरांमध्ये, म्हणजे एचडीबीमध्ये, 1970 च्या दशकापासून तळमजला मोकळा सोडायची पद्धत आहे, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. लग्नं तिथेच, मयतही तिथेच, रोज म्हातारी माणसं बसलेली असतात. पुढे 2009 मध्ये पिनॅकल ॲट डक्स्टन झालं, 50 मजल्यांचे सात टॉवर, 26 व्या आणि 50 व्या मजल्यावर पुलांनी जोडलेले. आपल्याकडे मात्र तळाशी पोडियम, म्हणजे पार्किंगचे मजले, चढवतात, वर बाग, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला नुसती भिंत. मला याचा खरंच राग येतो!

आणि इमारत त्या गावची वाटायला काय लागतं? आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं मुंबईत कंबाला हिलवरचं कांचनजंगा, 1983, श्रीमंतांसाठी बांधलेलं, पण विचार अस्सल मुंबईचा. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच, म्हणून त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून 28 मजल्यांच्या टॉवरच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या करून बसवला.

तेव्हा बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवेल तेव्हा तो बघाच, पण आधी टिपिकल फ्लोअर प्लॅन, म्हणजे एका अख्ख्या मजल्याचा नकाशा, मागा, लॉबीला खिडकी आहे का, एका मजल्यावर किती दारं, मुलांना खेळायच्या जागेवर कुणाच्या स्वयंपाकघरातून नजर राहते, हे विचारा. सह्या व्हायच्या आधी विचारा, नंतर प्लॅन बदलून घेणं फार अवघड जातं.