फोंडा उत्तरेतून दक्षिणेत

आमच्या ऑफिसच्या रेडमाइनमध्ये, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फोंडा तालुका परवापरवापर्यंत उत्तर गोव्यात होता. सरकारदरबारी तो २०१५ च्या जानेवारीतच दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या कामासाठी फोंड्याची माणसं पणजीऐवजी मडगावला जायला लागली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमची प्रोजेक्टची उतरंड मात्र त्याआधीची. ज्यांनी ती मांडली ते कधीच नोकरी सोडून गेले आणि नंतर आलेल्या प्रत्येकाने तिच्याखाली आपापली एक पायरी जोडली.

आम्ही जुनी घरं दुरुस्त करतो. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, वाळवी लागलेले वासे, राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या अंगणात, साचणारं पाणी. त्यामुळे आमचं वर्ष पावसावर चालतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो, त्याआधी उघडलेलं प्रत्येक छप्पर बंद झालेलं असलं पाहिजे. यासाठी रेडमाइनमध्ये 'पावसापूर्वी' नावाचं एक टार्गेट व्हर्जन आहे, तारीख ३१ मे. ज्या टास्कला हे व्हर्जन लागलंय ते काम कसंही करून मे महिन्यात संपवायचं, एवढं सुतारापासून अकाउंटपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. रोडमॅपच्या पानावर त्या व्हर्जनची हिरवी पट्टी किती पुढे सरकली ते बघूनच आमच्याकडे मजूर इकडून तिकडे हलवले जातात.

उतरंड अशी होती: कंपनी, तिच्याखाली उत्तर आणि दक्षिण गोवा, त्याखाली तालुका, मग गाव, मग घर, आणि घराच्या पोटात पुन्हा 'छप्पर', 'वायरिंग', 'परवानग्या' असे वेगवेगळे सबप्रोजेक्ट. रेडमाइन सबप्रोजेक्टच्या पोटात सबप्रोजेक्ट कितीही खोल घालू देतं आणि आमच्याकडे त्या मुभेचा पुरेपूर वापर झाला होता. हळदोणे गाव तर दोनदा होतं, एकदा हळदोणे म्हणून आणि एकदा आल्दोना म्हणून, आणि दोन्हींत घरं होती. साइटवरचे आमचे सुपरवायझर काका शिडीवर उभे राहून फोनवर आजचं काम शोधायचे, तेव्हा त्यांना सहा पायऱ्या उतराव्या लागत. पायाखाली उघडे वासे असताना माणसाला इतकं शोधायला लावणं मला कधीच पटलं नाही.

फोंड्याची कामं मडगावच्या टीमकडे गेली तेव्हा विषय निघाला. सर म्हणाले, "फोंडा उचल आणि दक्षिणेत टाक. पाच मिनिटांचं काम आहे." क्लिकच्या हिशेबाने ते खरंच होतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये 'सबप्रोजेक्ट ऑफ' नावाची एक चौकट आहे, तिथलं नाव बदलायचं आणि सेव्ह करायचं. पण या चौकटीला हात लावण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ती दुसऱ्या मशीनवर उभी करायची आणि तिथे करून बघायचं, हा माझा शिरस्ता आहे. प्रतीवरची ईमेल आधी बंद केली. तिथे फोंडा दक्षिणेत टाकला, सेव्ह केलं, आणि फोंड्याचा रोडमॅप उघडला.

पान रिकामं होतं. 'पावसापूर्वी'खाली फोंड्याचं एकही टास्क नव्हतं.

मी एक टास्क उघडलं. एका घराच्या माजघरावरची कौलं उतरवून रिपा बदलायचं काम. तारीख होती, जबाबदार माणूस होता, फोटो होते. फक्त टार्गेट व्हर्जन कोरं होतं, आणि खाली इतिहासात माझ्या नावाने नोंद पडली होती की 'पावसापूर्वी' काढून टाकलं. दुसरं उघडलं, तेच. फोंड्याच्या शंभरावर टास्कांच्या इतिहासात एकाच मिनिटाची तीच नोंद.

हे का झालं ते समजून घेण्यात माझी ती दुपार गेली आणि त्या दुपारीच मला हे सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने कळलं. व्हर्जन हे कुठल्या तरी एका प्रोजेक्टचं असतं. ते कोणाकोणाला वापरता येईल हे 'शेअरिंग'मध्ये ठरतं: कोणालाच नाही, फक्त सबप्रोजेक्टना, वरच्या-खालच्या सगळ्या पायऱ्यांना, संपूर्ण झाडाला, किंवा सिस्टिममधल्या सगळ्या प्रोजेक्टना. आमचं 'पावसापूर्वी' दोन ठिकाणी होतं, एक उत्तर गोव्याचं आणि एक दक्षिण गोव्याचं, दोन्ही 'सबप्रोजेक्टना' या बोलीवर. फोंडा उत्तरेच्या पोटातून बाहेर पडला त्या क्षणी उत्तरेच्या व्हर्जनवरचा त्याचा हक्क संपला. दक्षिणेत त्याच नावाचं, त्याच तारखेचं व्हर्जन आहे, पण नाव सारखं म्हणून ते आपोआप जोडायचं धाडस रेडमाइन करत नाही. जिथे हक्क उरला नाही तिथली नोंद ते काढून टाकतं आणि काढल्याचं लिहून ठेवतं. मला हे वागणं चोख वाटतं.

पण मूळ सर्व्हरवर हेच झालं असतं तर? टास्क बदललं की त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येकाला ईमेल जाते. आमचे कितीतरी घरमालक मुंबईत, लंडनमध्ये, लिस्बनला असतात. ते आपल्या घराची कामं 'वॉच' करतात, कारण दुरून त्यांच्या हातात तेवढंच असतं. एप्रिलच्या तोंडावर त्यांना ओळीने ईमेल गेल्या असत्या की तुमच्या छपराचं काम आता 'पावसापूर्वी'त नाही. ज्या बाईंचे वडील त्या घरात एकटे राहतात, त्यांनी ती ओळ वाचून काय समजायचं?

प्रतीवर आणखी दोन गोष्टी सापडल्या आणि त्या मला जास्त गंभीर वाटल्या.

पहिली मेंबरांची. आमच्या बहुतेक प्रोजेक्टना 'इनहेरिट मेंबर्स' ही खूण लावलेली होती, म्हणजे वरच्या प्रोजेक्टचे मेंबर खालच्यात आपोआप येतात. दक्षिण गोव्याच्या पायरीवर कोणीतरी सोयीसाठी बाहेरच्या एका वायरिंग कंत्राटदाराला मेंबर केलं होतं. फोंडा तिथे गेल्याबरोबर फोंड्यातल्या प्रत्येक घराच्या यादीत त्याचं नाव उमटलं. म्हणजे दर, अंदाजपत्रकं, मालकांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्याला खुलं. त्यात एका देवस्थानाच्या अग्रशाळेचं, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेचं, काम होतं आणि त्याच कामाच्या निविदेत तो उतरणार होता. त्याने काही केलं नव्हतं, त्याला कळलंही नसतं. दार आम्हीच उघडून दिलं असतं.

दुसरी गोष्ट तासांची. अकाउंटच्या ताईंनी मागच्या मार्चमध्ये उत्तर गोव्याच्या कामाच्या तासांचा अहवाल काढला होता. मी तोच, त्याच तारखांचा, प्रतीवर पुन्हा काढला. आकडा कमी आला. फोंड्याच्या माणसांनी मागच्या वर्षी केलेले तास आता दक्षिणेच्या बेरजेत गेले होते. कारण उतरंडीला कालची आठवण नसते. घर आज ज्याच्या खाली आहे, त्याच्याच खाली ते कायम होतं असं धरून सगळी बेरीज होते. ताईंना दाखवलं तेव्हा त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी सही केलेला कागद आणि हा स्क्रीन कधीच जुळणार नाही?" बरोबर होतं त्यांचं. मग हलवाहलवीच्या आधी सगळ्या वर्षांचे जिल्हावार अहवाल काढून फाइलला लावायचे असं तिथल्या तिथे ठरलं.

संध्याकाळी सरांकडे बसलो तेव्हा फोंडा कुठे टाकायचा हा प्रश्नच मागे पडला होता. मी म्हटलं, "सर, पोटात घालणं म्हणजे नुसतं रांगेत लावणं नव्हे. वरच्याची माणसं खाली येतात, वरच्याची व्हर्जन खाली येतात, खालचे तास वर जातात. ज्या दोन गोष्टींमध्ये हे सगळं खरोखर व्हायला हवं, त्याच एकीच्या पोटात दुसरी घालायची. जिल्ह्याचं आणि घराचं असं काय नातं आहे? घर कुठे आहे एवढंच जिल्हा सांगतो."

आणि तेही एका सुरात सांगत नाही. प्रियोळ फोंडा तालुक्यात, म्हणजे आता दक्षिण गोवा जिल्ह्यात, पण लोकसभेला प्रियोळ मतदारसंघ उत्तर गोव्यात मत देतो. धारबांदोडा तालुका सांगे तालुक्यातून वेगळा निघाला. सीमा बदलतात, आणखीही बदलतील. उतरंडीत एका मुलाला एकच आई असते आणि गावाला तर दोन-तीन नाती असतात. अशी माहिती कस्टम फील्डमध्ये, म्हणजे आपणच जोडलेल्या माहितीच्या रकान्यात, राहू द्यावी: जिल्हा, तालुका, गाव, तिन्ही घराच्या अंगावर. फोंडा आणखी कुठे गेला तर एक शब्द बदलायचा, एकही टास्क हलत नाही. प्रोजेक्टच्या यादीवर आणि टास्कांवरही त्या फील्डने गाळणी लावता येते, म्हणजे जिल्हावार यादी हवी त्याला ती मिळतेच.

सरांना पटलं, पण त्यांनी विचारलं, "मग वरती काय? मालक?" मलाही आधी मालकच वाटला होता, कारण काय कोणाला दिसावं हे त्याच्यावर ठरतं. यावर ताई जे बोलल्या ते फक्त गोव्यातलंच माणूस बोलू शकतं. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने मुलगे-मुली सगळे समान वाटेकरी. आम्ही हातात घेतलेल्या जुन्या घरांत एकच मालक असलेली थोडीच. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या दाव्याचा, निकाल लागायचा असतो, तोवर भाऊ, बहिणी, वारलेल्या भावाची मुलं, सगळी मालक. "बिल तिघांच्या नावे जातं," ताई म्हणाल्या, "मग घर कोणाच्या पोटात घालणार?" त्या एका वाक्याने मालकाची पायरीही गेली. उरलं ते घर. कंपनीच्या खाली थेट घर, मधे काही नाही. देवस्थानासारखे, ज्यांच्या एकाच समितीखाली चार-पाच इमारती आहेत, तेवढ्यांनाच मधली एक पायरी, कारण तिथे समितीच्या माणसाला सगळ्या इमारती दिसायलाच हव्यात.

प्रत्यक्ष काम गुड फ्रायडेला केलं. त्या दिवशी गोवा बंद असतो आणि मला सर्व्हरवर कोणीच नको होतं. याला कारण आहे. रेडमाइन प्रत्येक प्रोजेक्टला दोन आकडे देतं, एक डावा, एक उजवा. समजा वरच्याचे आकडे १ आणि १० आहेत, तर त्याच्या पोटातल्या सगळ्यांचे आकडे त्यांच्या मध्ये बसतात. म्हणून 'याच्या खालचं सगळं दाखव' म्हटलं की पायरी-पायरी न उतरता मधले सगळे एकदम उचलता येतात. पण एक फांदी हलली की पलीकडच्या भल्यामोठ्या रांगेचे आकडे बदलून लिहावे लागतात. हे चालू असताना कोणी नवीन प्रोजेक्ट उघडू नये हे बरं.

आधी बॅकअप, मग ईमेल बंद. मग कंपनीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रोजेक्टवर एकच 'पावसापूर्वी' केलं, सबप्रोजेक्टना शेअर, आणि दोन्ही जिल्ह्यांची टास्कं एकगठ्ठा त्याच्यावर आणली. आता घर कुठेही हलो, ते कंपनीच्या बाहेर तर जात नाही, त्यामुळे व्हर्जन सुटत नाही. बाहेरच्या माणसांची नावं वरच्या सगळ्या पायऱ्यांवरून काढून ज्या त्या घरावर लावली. 'छप्पर', 'वायरिंग', 'परवानग्या' हे सबप्रोजेक्ट विरघळवून घराच्या कॅटेगरी केल्या. टास्क दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जाताना त्याची कॅटेगरी तिथे त्याच नावाची असेल तरच टिकते, म्हणून प्रत्येक घरावर त्या आधी तयार केल्या, मग टास्कं आणली. रिकामे झालेले तालुके आणि गावं पुसली नाहीत. प्रोजेक्ट डिलीट केला की त्याच्या पोटातले सगळे जातात, आणि एखादं घर नजरेतून सुटलेलं असेल तर त्याची वर्षांची कागदपत्रं एका क्लिकमध्ये संपतील. एकेक पायरी उघडून खाली काही उरलं नाही हे डोळ्यांनी बघून ती आर्काइव्हमध्ये टाकली. तसं बघतानाच आल्दोनाखाली लपलेलं एक घर सापडलं, ज्याच्या पन्हळींचं काम यादीत कोणालाच दिसत नव्हतं.

त्या रात्री रोडमॅपची पट्टी जुन्या दोन पट्ट्यांच्या बेरजेशी ताडून बघितली, एकूण टास्क, संपलेली, उरलेली. तंतोतंत जुळली.

सोमवारी काकांचा फोन आला. ते फोंड्याच्या साइटवर होते. "बाय, घर उघडलं की सगळं समोरच येतंय गो. पण पंचायतीच्या परवान्याची मुदत कधी संपते ते इथंच वर दिसलं तर बरं, नाही तर मला दर वेळी ताईंना विचारावं लागतं." घराच्या फील्डमध्ये जिल्हा, तालुका, गाव होतंच. त्याच्याखाली 'परवान्याची मुदत' ही तारीख त्या दुपारी वाढवली आणि ताईंनी फाइली काढून घराघराच्या तारखा भरायला घेतल्या.