बोर्डावरचा न विझणारा दिवा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका रो-हाउस सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. दोन दिवसांपूर्वी रात्रभर मोटरवर सरकणारे मुख्य गेट उघडे राहिले होते आणि आवारातून दोन सायकली चोरीस गेल्या होत्या. आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाने मोटर ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिल्यामुळे चूक वॉचमनचीच, असे समितीने जवळजवळ ठरवून टाकले होते. मला बोलावले होते ते केवळ कीपॅडचे कोड बदलण्यासाठी.

मी पोहोचलो तेव्हा पाऊस चालू होता. वॉचमन साठीच्या आसपासचे होते आणि सगळे त्यांना मामा म्हणत. केबिनमध्ये रेनकोट टांगत असताना ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्या रात्री मी बटण दोनदा दाबलं. गेट हललंच नाही. हे मी आधीपण सांगितलं होतं, पण कोणी ऐकत नाही." गेट हाताने ढकलावे म्हटले, तर मोटरचा गिअर सोडवायची चावी सेक्रेटरींच्या घरी असे आणि मध्यरात्री त्यांना उठवण्याची मामांची छाती झाली नव्हती.

मी केबिनमधले बटण दाबले आणि गेट उघडले. तीस सेकंदांनी ते आपोआप बंदही झाले. चार-पाच वेळा तेच झाले. आधीचा तंत्रज्ञ एवढे पाहून निघून गेला असणार, आणि खरे सांगायचे तर मीही कोड बदलून निघालोच असतो. पण ज्या माणसाची नोकरी पणाला लागली आहे, तो "बटण दाबले" असे सांगत असेल, तर ते बटण कोणत्या अवस्थेत चालणार नाही हे शोधणे माझे काम आहे, असे मला वाटले.

म्हणून या वेळी मी बाहेर जाऊन कीपॅडवर कोड टाकला. आत रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा, 'टक्' असा आवाज झाला आणि गेट सरकले. तीस सेकंद झाले, दोन मिनिटे झाली, तरी गेट उघडेच. मामांना बटण दाबायला सांगितले. काहीही झाले नाही. मोटरचे झाकण काढल्यावर आतल्या सर्किट बोर्डावर कारण समोर दिसले. गेट सुरू करण्याची आज्ञा ज्या दोन टर्मिनलांवर (तारा जोडायच्या जागांवर) येते, त्यांच्याजवळचा बारीक लाल दिवा एरवी क्षणभर लागून विझतो. तो अखंड पेटलेला होता. मी पुन्हा कोड टाकला तेव्हा दुसरा 'टक्' झाला, दिवा विझला, आणि तिथून तीस सेकंद मोजून गेट बंद झाले.

कीपॅडमधला रिले म्हणजे प्रत्यक्षात एक छोटे बटणच असते. बरोबर कोड आला की तो दोन तारा एकमेकींना जोडतो. गेटसाठी ही जोडणी एखाद्या सेकंदाची असावी लागते. या कीपॅडवर रिलेची वेळ १ ते ९९ सेकंद ठेवता येत होती, आणि ० ठेवली तर एका कोडने रिले लागून तसाच राहत होता व पुढच्या कोडने सुटत होता. इथे ती ० होती. तारा जोडलेल्या असेपर्यंत हा बोर्ड आपोआप बंद होण्याची वेळ मोजायला सुरुवातच करत नाही. केबिनमधले बटणही त्याच दोन टर्मिनलांवर असल्यामुळे आधीच जोडलेल्या तारा ते पुन्हा जोडत होते, म्हणजे काहीच करत नव्हते. रात्री कोणी कोड टाकून आत आले की गेट उघडे राही, आणि मागून येणाऱ्यांना ते उघडेच दिसल्यामुळे कोड टाकायची, म्हणजे रिले सोडवायची, गरजच पडत नसे.

सेटिंग कोणी बदलले, हे शोधावे लागले नाही. कीपॅडचा मास्टर कोड पुस्तिकेत छापलेला, कारखान्यातून आलेला १२३४५६ हाच होता. तिथे जमलेल्या मंडळींपैकी एक तरुण स्वतःहून पुढे आला. आठ दिवसांपूर्वी घरसामानाचा टेम्पो आला असता गेट सारखे बंद होऊ नये म्हणून त्याने इंटरनेटवरून पुस्तिका उतरवून वेळ ० केली होती आणि नंतर ती पूर्ववत करायची राहून गेली. त्याने सर्वांदेखत मामांची माफी मागितली. त्याच्यापेक्षा जास्त दोष, माझ्या मते, मास्टर कोड न बदलता काम सोपवून जाणाऱ्याचा आहे.

पुढचे तीन तास प्रोग्रॅमिंगमध्ये गेले. रिलेची वेळ १ सेकंद केली आणि मास्टर कोड बदलला. बावीस घरांचा मिळून एकच चार अंकी कोड होता आणि १, ४, ७, ९ ही बटणे घासून चकचकीत झाली होती. हे चार अंक ओळखणाऱ्याला फार तर चोवीस प्रयत्न करावे लागले असते. तो कोड काढून प्रत्येक घराला वेगळा सहा अंकी कोड दिला आणि घर क्रमांक हाच त्याचा युजर क्रमांक ठेवला, जेणेकरून एखादे बिऱ्हाड सोडून गेले तर फक्त त्याचा कोड काढता येईल. कोणता युजर क्रमांक कोणाचा, याची वही सेक्रेटरींकडे दिली. कोड मात्र त्या वहीत लिहिले नाहीत. रिले बाहेरच्या कीपॅडमध्येच असल्याने चार स्क्रू काढून दोन तारा जोडणारा कोणीही गेट उघडू शकतो. म्हणून रिले केबिनमधल्या वेगळ्या कंट्रोलरवर नेण्याचा खर्च लिहून दिला. शेवटी सरकत्या गेटसमोर पुठ्ठ्याचे खोके धरून फोटोसेल, म्हणजे वाटेतला अडथळा ओळखणारा प्रकाश-सेन्सर, गेट मागे फिरवतो याची खात्री केली आणि गिअरची चावी केबिनमध्ये खिळ्याला अडकवायला लावली.

कामाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात आम्ही सहसा दोन शब्द लिहितो. त्या दिवशी मी पूर्ण वाक्य लिहिले: "कीपॅडचा रिले जोडलेल्या अवस्थेत राहिल्याने केबिनमधील बटण निष्प्रभ होते, वॉचमनने गेट बंद करण्याचा प्रयत्न करूनही ते बंद होणे शक्य नव्हते." सेक्रेटरींनी त्याखाली सही केली. मी त्याची एक प्रत मामांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि बाहेर हॉर्न वाजल्यामुळे ते गेटकडे गेले.