आमची वाटचाल : शेवटचा रकाना

सांगलीत मारुती चौकाजवळ वडिलांनी १९८८ साली ट्रेडल छपाईयंत्र बसवलं ते लग्नपत्रिकांसाठी. दवाखान्यांच्या कामात आम्हाला आणलं मिरजेच्या एका सिस्टरबाईंनी. पुढे त्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका झाल्या. नर्सिंग चार्टची ऑर्डर घेऊन आल्या आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या वडिलांशेजारी स्टूल ओढून बसल्या. "भाऊ, शेवटी एक रकाना मोकळा ठेवा. वर लिहा, 'पुढच्या ड्यूटीला सांगायचे'."

औषध, मात्रा, वेळ यांना आपापले रकाने होतेच. पण सहा नंबरचा पेशंट गोळी तोंडात धरून नंतर थुंकतो, हे रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळच्या सिस्टरला कुठे लिहून ठेवायचं? ते त्या रकान्यात. पुढे ऑफसेट छपाई आली, तरी त्या चार्टची मांडणी आम्ही बदलली नाही.

मग दवाखान्यात एक सॉफ्टवेअर कंपनी आली. मीटिंगमध्ये त्यांच्या माणसाने आमचा चार्ट दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "ही रद्दी आता बंद." मी समोर बसलो होतो. तो शब्द अजून डोक्यातून जात नाही. स्क्रीनवर रकान्यांचा क्रम मात्र आमचाच उचलला. शेवटचा तेवढा गाळला.

ऑर्डर गेली, आणि त्याच वर्षी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर चढली. धोक्याची पातळी ४५. लेजर पेपरची रिमं फुगून गठ्ठे फुटले, मोटारीत गाळ बसला. माळ्यावर टाकलेलं नंबरिंग मशीन तेवढं वाचलं. प्रेस विकायची बोलणी सुरू केली होती.

दिवाळीआधी मेट्रनबाईंचा फोन आला. "भाऊ, पोरी तळहातावर लिहून घेतायत. तो रकाना एकटाच छापून द्या." दुसऱ्याच्या मशीनवर अर्ध्या पानाची पॅडं छापली, नंबर मात्र आमच्या मशीनने घातले.

दवाखानेवाल्यांना सांगतो, कॉम्प्युटर जरूर घ्या. गिचमिड अक्षरामुळे मात्रा चुकत नाही, जुना रिपोर्ट लगेच सापडतो. पण छापील पानाच्या दोन्ही बाजूंना आयपीडी नंबरची (दाखल पेशंटच्या नोंदणी क्रमांकाची) जागा ठेवा, नाहीतर सुटं पान कुणाचं ते कळत नाही. डॉक्टरांसाठीच्या वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणून कागद पातळ घेऊ नका, मागची शाई पुढे उमटते.

सध्या त्या पॅडला कार्बनलेस, म्हणजे कार्बन पेपर न घालता उमटणारी, दुसरी प्रत जोडतोय. वरची केसपेपरला, खालची वॉर्डच्या फायलीला.