कीपरच्या जागेसाठी बारा दिवस: माझा अनुभव

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या कट्ट्यावर दर जानेवारीत सरलेल्या वर्षाचा जागतिक कसोटी संघ निवडतात. आम्ही नऊ जण. नऊपैकी सात मतं पडली की नाव पक्कं, आणि अकरा नावं पक्की झाली की मंडळाच्या फलकावर खडूने लिहायची. आयसीसीचा संघ जाहीर व्हायच्या आत आमचा फलकावर लागला पाहिजे, हा हट्ट पहिल्यापासूनचा. २०२४ च्या संघाला आम्ही १ जानेवारीला बसलो. दहा नावं आठवड्यात झाली. अकरावं नाव लागायला पुढे बारा दिवस गेले. ते बारा दिवस माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत, म्हणून हे लिहितोय. कुणी आपल्या गल्लीत असा संघ काढत असेल तर त्याचे तरी दिवस वाया जाऊ नयेत.

दहा नावांचं फार सांगत नाही. बुमराहवर चर्चाच झाली नाही. १३ कसोटींत ७१ बळी, सरासरी १५ च्या आत, आणि मेलबर्नला कारकिर्दीतले दोनशे बळी पुरे. रूट, ब्रूक, विल्यमसन, जैस्वाल, डकेट पटापट लागले. श्रीलंकेच्या कामिंडू मेंडिसचं नाव एकदोघांना नवीन होतं, पण १३ डावांत हजार धावा म्हणजे ब्रॅडमनची बरोबरी, हे ऐकल्यावर सगळे गप्प. जडेजा आणि मॅट हेन्री आले. वेगवान गोलंदाजाच्या शेवटच्या जागेसाठी कमिन्स की ॲटकिन्सन यावर एक संध्याकाळ गेली. ॲटकिन्सनने पदार्पणात लॉर्ड्सवर १२ बळी घेतले आणि त्याच मैदानावर श्रीलंकेविरुद्ध शतकही ठोकलं. तो आला.

राहिला कीपर.

माझं मत पहिल्यापासून इंग्लंडच्या जेमी स्मिथला होतं. जुलैत पदार्पण, पहिल्याच डावात ७०, मग एजबॅस्टनला ९५, ओल्ड ट्रॅफर्डला १११, रावळपिंडीला फिरत्या खेळपट्टीवर ८९. वर्षाच्या ६३७ धावा, सरासरी ४२ च्या वर. पाच जणांचं मत ऋषभ पंतला. का, ते मलाही समजत होतं. डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर हा पोरगा चालेल का हीच शंका होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो चेन्नईला कसोटीत परतला आणि १०९ केले. वानखेडेवर १४७ चा पाठलाग करताना सगळे ढेपाळले, तेव्हा एकटा ६४ करून लढला. आमच्यातल्या सरांचे त्या दिवशी डोळे भरले होते, मी शेजारीच बसलो होतो. पंत मलाही आवडतो. पण ‘वर्षाचा संघ’ म्हटल्यावर आवड बाजूला ठेवून वर्षच मोजावं लागतं.

भांडण आवडीवरून झालं असतं तर दोन दिवसांत मिटलं असतं. ते अडलं एका आकड्यावर. आमच्या आकड्यांची वही एका मामांकडे असते. आदल्या वर्षी प्रत्येकाने मोबाइलवर वेगवेगळी यादी काढली आणि कुणाचं कुणाला पटेना, म्हणून नियम केला होता की वहीत असेल तेच धरायचं. वहीत पंतच्या नावापुढे ६७७ धावा, स्मिथच्या नावापुढे ६३७.

मी काही बोललो की मामांचं एकच ठरलेलं. “६७७ मोठे की ६३७, एवढं सांग की. मग बोल.”

“मामा, एवढ्या धावा होत नसतील. वही जरा बघू द्या की.”

“वही काय बघालास? मी स्वतः उतरवलंय.”

मामा वयाने मोठे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. पुढे काय बोलणार? संक्रांतीला त्यांना तिळगूळ दिला आणि परत तेच विचारलं. ते म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी त्यांच्या निपाणीजवळच्या शेतावर ऊसतोडीची टोळी आली आणि मामा पहाटेच गेले. वही त्यांच्या पिशवीत. टोळी आली की माणूस शेत सोडू शकत नाही, हे मला कळतं. फोन उचलायला मात्र हरकत नव्हती. मी रोज फोन करायचो. एकदाच उचलला आणि “आल्यावर बघूया” म्हणून ठेवला. १७ तारखेला सीमालढ्यातला हुतात्मा दिन, त्या दिवशी आम्ही क्रिकेटचा विषय काढत नाही. बाकी रोज रात्री कट्ट्यावर शेकोटी, तेच पाच पंतचे, तेच तीन स्मिथचे, आणि एक जण ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स केरीवर अडलेला. त्याचंही चूक नव्हतं. क्राइस्टचर्चला केरीने नाबाद ९८ करून सामना काढला, वर सामन्यात दहा झेल. पण एका सामन्यावर वर्ष धरता येत नाही, हे मी त्याला रोज सांगत होतो.

शेवटी १९ तारखेला रात्रपाळीला, वडगावात मागावर, मी स्वतःच बेरीज करायला घेतली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्हीही तयार बेरजेवर विसंबू नका, एकेक स्कोअरकार्ड उघडा. सुताच्या पावतीच्या मागे पंतच्या धावा लिहीत गेलो. बांगलादेशविरुद्ध ३९, १०९, ९, नाबाद ४. न्यूझीलंडविरुद्ध २०, ९९, १८, ०, ६०, ६४. मग पर्थ ३७ आणि १, ॲडलेड २१ आणि २८, ब्रिस्बेन ९, मेलबर्न २८ आणि ३०. बेरीज ५७६. परत केली, परत ५७६. वहीतले जादा १०१ कुठून आले? समोर सिडनीचं कार्ड होतंच: ४० आणि ६१. एकूण १०१.

सिडनी कसोटी सुरू झाली ३ जानेवारी २०२५ ला.

मामांनी ‘२०२४-२५’ या हंगामाची बेरीज ‘२०२४’ म्हणून उतरवली होती. एवढंच होतं सगळं. स्मिथ ९ कसोटींत ६३७, पंत ९ कसोटींत ५७६, सरासरी ३६. त्या रात्री मागाच्या खडखडाटात मी एकटाच मोठ्याने ओरडलो, शेजारचा कारागीर धोटा अडकला की काय म्हणून धावत आला.

तेव्हा सगळ्यात आधी ठरवा ते हे: कसोटी ज्या तारखेला सुरू होते त्या वर्षात धरायची. खेळाडूंची नावं नंतर. डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मालिका बहुतेकदा दोन वर्षांत विभागल्या जातात. दक्षिण आफ्रिकेच्या व्हेरेनचं केपटाऊनचं शतकही २०२५ मधलं, ते कुणी २०२४ ला जोडू नये. उलट जानेवारी २०२४ ची केपटाऊन कसोटी, सिराजने १५ धावांत ६ घेतलेली, दोन दिवसही न चाललेली, ती मात्र २०२४ चीच. लोक ती विसरतात.

मामा २१ ला आले. मी पावती पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वही काढली, सिडनीची तारीख माझ्या मोबाइलवर बघितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरोबर हाय तुझं. मीच चुकलो.” सगळ्यांसमोर म्हणाले, त्यामुळे माझा अर्धा राग तिथेच गेला. मतदान झालं, स्मिथला सात. सरांनी आणि दुसऱ्या एकाने पंतलाच मत दिलं आणि ते मला पटलं, कारण त्यांनी आकडा बघून दिलं.

एक सांगायचं राहिलं. कर्णधारही त्याच तारखेच्या नियमाने ठरवा. ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सने भारताविरुद्धची मालिका ३-१ ने जिंकली असं सगळे म्हणतात, पण ३१ डिसेंबरला ती २-१ होती. आम्ही बुमराहला कर्णधार केलं, पर्थला २९५ धावांनी जिंकलेला तोच.

२२ ला फलक लागला. २४ ला आयसीसीचा संघ आला. दहा नावं जुळली, कीपर जेमी स्मिथ. त्यांच्याकडे ॲटकिन्सनऐवजी कमिन्स, तोच कर्णधार. कर्णधाराचं मला अजून पटलेलं नाही. पण स्मिथचं नाव वाचल्यावर मी गल्लीत सायकल घेऊन दोन चकरा मारल्या. सकाळी कुंद्याचा डबा घेऊन मामांकडे गेलो.

आमच्यातल्या एका वहिनींचं म्हणणं आहे की यंदा महिलांचा एकदिवसीय संघही काढायचा. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने २०२४ मध्ये एकदिवसीय सामन्यांत ७४७ धावा केल्या, चार शतकं, आणि आमच्या फलकावर तिचं नाव नाही, हे मलाही बरं वाटत नाही.

वही आता माझ्याकडे आहे. मामांनीच दिली. पहिला रकाना मी तारखेचा आखलाय, आणि पहिल्या पानावर पहिलीच ओळ आहे: ३ जानेवारी २०२५, सिडनी, ऋषभ पंत, ४० आणि ६१.