गोळ्या डॉक्टरांच्या, मग ट्रेनर कशाला?

"शुगर डॉक्टर बघतात, बीपीच्या गोळ्या डॉक्टर देतात, व्यायाम तर मोबाइलवर बघूनही होतो. मग तुम्ही नेमकं काय करता?"

वर्षाकाठी किती वेळा हा प्रश्न ऐकते, मोजलं नाही. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा नुकताच आलेला रिपोर्ट असतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळ्यात खाली लिहिलेलं असतं, 'व्यायाम करा'. वरच्या गोळ्यांपुढे सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी, जेवणानंतर असं सगळं असतं. व्यायामापुढे काहीच नसतं. कुठला, किती, कधी आणि मुख्य म्हणजे कधी नाही, हे कोरं राहिलेलं भरायचं काम माझं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

बासष्ट वर्षांचे एक काका माझ्याकडे यायला लागले होते. फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं, 'बीपी आहे, कंट्रोलमध्ये'. मी वाचलं आणि पान उलटलं. तेव्हा आम्ही सगळे २२० वजा वय या हिशोबावर चालायचो. २२० वजा ६२ म्हणजे १५८, त्याचे सत्तर टक्के साधारण ११०. काका ट्रेडमिलवर, मनगटावरचं घड्याळ दाखवतंय ९४. अजून भरपूर जागा आहे असं समजून मी वेग वाढवला. घड्याळ ९७. चढ वाढवला. घड्याळ ९९. काकांनी दांडा घट्ट धरला होता, वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि मी विचारलेल्या प्रश्नाला ते नुसती मान हलवत होते. मी मात्र घड्याळ बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडलाय हे शेजारच्या मशीनवरच्या बाईंनी सांगितलं.

हळूहळू वेग उतरवला, बसवलं, दहा मिनिटांत ते सावरले. मग त्यांच्या बॅगेतली गोळ्यांची पट्टी बघितली. मेटोप्रोलॉल. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी नावाच्या शेवटी 'लॉल' असलेली गोळी हृदयाचे ठोके मुद्दामच कमी ठेवते. ती घेणाऱ्या माणसाचे ठोके दमछाक झाली तरी फारसे वर जात नाहीत. म्हणजे माझा सगळा हिशोब निरोगी माणसाचा होता आणि समोर उभा होता औषध घेणारा माणूस. माहिती फॉर्मवर अर्धी होती, उरलेली अर्धी विचारायची जबाबदारी माझी होती.

त्या दिवसापासून पहिल्या भेटीत मी वजनकाट्याकडे जात नाही. आधी गोळ्या टेबलावर मांडायला सांगते. सगळ्या. डोळ्यांत घालायचे थेंब आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या पावडरीसुद्धा. कुठली गोळी कधी घेता, शेवटचं काय बदललं, उभं राहिल्यावर चक्कर येते का, पायांना मुंग्या येतात का. काहींना हे पोलिस चौकशीसारखं वाटतं. वाटू दे.

आणि ठोक्यांऐवजी मी दम मोजते. गुन्नर बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ६ ते २० अशी एक मोजपट्टी केली होती. ६ म्हणजे काहीच श्रम नाही, २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. आकडे असे विचित्र का, तर त्यांना दहाने गुणलं की निरोगी माणसाच्या ठोक्यांचा साधारण अंदाज येतो. 'लॉल'वाल्या गोळीपुढे तो गुणाकार कोसळतो, पण "किती जड जातंय?" या प्रश्नाचं उत्तर शाबूत राहतं. बहुतेकांसाठी मी १२-१३च्या आसपास थांबते. मोजपट्टी डोक्यात शिरत नसेल तर त्याहून सोपं: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये.

आता आजार व्हायच्या आधीचं. 'बॉर्डरवर आहे' असं सांगत येणारे लोक मला सगळ्यात जास्त आवडतात, कारण इथे खरंच हातात काहीतरी असतं. अमेरिकेत अशा ३,२३४ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. शुगर वाढलेली, पण मधुमेह अजून झालेला नाही अशी ही माणसं. एका गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, एका गटाला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, आणि तिसऱ्या गटाला सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल करायची असं लक्ष्य. सरासरी तीनेक वर्षांत दिखाऊ गोळीच्या तुलनेत तिसऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी.

हा ५८चा आकडा आमच्या धंद्यात भिंतीवर लावायला फार आवडतो. त्याच्या मागे काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. त्या तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला एक माणूस नेमून दिलेला होता. सुरुवातीच्या सहा महिन्यांत समोरासमोर बसून १६ धडे, पुढेही नियमित भेटी. वजन अडलं तर का अडलं हे त्याच्याबरोबर बसून शोधणारा माणूस. १५० मिनिटं चाला हे सांगायला एक वाक्य पुरतं. ती मिनिटं चालली जावीत म्हणून कुणीतरी तीन वर्षं चिकाटीने मागे लागावं लागतं. माझी फी कशाची, असं विचारलंत तर बरीचशी त्याची.

स्नायू आणि साखरेचं नातं मी प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात समजावते, कारण ते कळलं की दांड्या कमी होतात. एरवी रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्शुलिनने दार उघडावं लागतं. मधुमेहात हे दार कुरकुरतं. पण स्नायू आकुंचन पावत असला की तो इन्शुलिनची वाट न बघता स्वतःचं दुसरं दार उघडतो आणि साखर आत ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावरही साधारण एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देतात, मग परिणाम ओसरतो. म्हणून माझ्याकडे नियम एकच: सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. रविवारी तीन तास घाम गाळून उरलेला आठवडा बसून काढणाऱ्यांना मी हे चित्र काढून दाखवते.

आणि दार उघडायचंच तर मोठ्या खोलीचं. मांड्या, नितंब, पाठ. त्यामुळे नव्या माणसाचा माझ्याकडचा पहिला व्यायाम असतो खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि बसणं. लोकांचा चेहरा पडतो. एवढ्यासाठी आलो? मग मी घड्याळ लावते, तीस सेकंदांत किती होतात ते मोजते आणि वहीत लिहिते. कुणाचे सात होतात, कुणाचे चौदा. दोन महिन्यांनी तोच आकडा परत काढतो. वजनाचा काटा ढिम्म असला तरी हा आकडा बहुतेक वेळा हललेला असतो, आणि माणूस काट्यापेक्षा त्याच्या भरवशावर टिकतो.

मोजण्यावरून आठवलं. माझ्याकडे सगळ्यांनी रेप्स, म्हणजे एकच हालचाल किती वेळा झाली ते, मोठ्याने मोजायचे. नवे लोक लाजतात. पण मोठ्याने मोजणाऱ्याला श्वास कोंडून धरता येत नाही. वजन उचलताना दम कोंडला की त्या क्षणापुरता रक्तदाब भयंकर उसळतो, आणि बीपीवाल्याला, डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेल्याला ते परवडणारं नाही.

मोठ्याने मोजण्याचा दुसरा उपयोग मला एका काकूंनी दाखवला. त्या इन्शुलिनवर होत्या. मांडीचा दुसरा सेट. "पाच, सहा, सात, आठ, आठ... अकरा." मी म्हटलं, "काकू, थांबा." त्या वैतागल्या. "बरी आहे मी. मध्येच काय थांबवतेस?" त्या कधी माझ्यावर चिडल्या नव्हत्या. बोटं किंचित थरथरत होती, मान गार घामाने ओली होती. त्यांच्याच मशीनवर शुगर बघितली, ६१. सत्तरच्या खाली आली की व्यायाम बंद. पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटं बसून परत तपासणी. ८८ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तुला काही बोलले का ग?"

इन्शुलिन नेहमीइतकं घेतलं होतं आणि जेवण उशिरावर ढकललं होतं. इन्शुलिन किंवा शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची शुगर मी आता सुरुवातीला बघायला सांगते. ९०च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्यायचं. ती २५०च्या वर असेल, बरं वाटत नसेल किंवा तपासणीत कीटोन (इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारे पदार्थ) निघाले असतील, तर त्या दिवशी घरी. शिवाय जड व्यायामाच्या दिवशी शुगर रात्री झोपेतही उतरू शकते, हे मी घरच्यांच्याही कानावर घालते.

काकूंचा डोस मी बदलला नाही. बदलायचा मला अधिकार नाही आणि तेवढं ज्ञानही नाही. मी तारीख, वेळ, व्यायाम, आधीची शुगर, नंतरची शुगर असं तीन आठवड्यांचं पान त्यांच्या हातात दिलं आणि डॉक्टरांना दाखवा म्हटलं. डोस डॉक्टरांनी बदलला. माझ्या मते ट्रेनरचं सगळ्यात मोलाचं हत्यार हे पानच आहे. डॉक्टरांना माणूस दोन-तीन महिन्यांतून दहा मिनिटं दिसतो, तेही बसलेला. मला तो आठवड्यातून तीनदा तासभर दिसतो, आणि हलताना. जिना चढताना नवीनच धाप लागते, एक पोटरी सुजलीये, बुटातली जखम त्याला दुखतच नाही म्हणून माहीत नाही, हे आधी मला दिसतं. मधुमेह जुना असेल तर हृदयाचा त्रासही नेहमीसारखा छातीत कळ येऊन कळत नाही. नुसता घाम, नुसता अनोळखी थकवा. असं काही दिसलं की व्यायाम तिथेच थांबतो आणि मी फोन उचलते.

आमच्याच लोकांबद्दल एक तक्रार आहे, ती इथेच करते. तीन महिन्यांत मधुमेह मुळापासून घालवतो म्हणणारे, गोळ्या सोडा आणि माझा डबा घ्या म्हणणारे ट्रेनर मी पाहिले आहेत. वजन बरंच उतरलं आणि टिकलं तर काहींची शुगर गोळ्यांशिवायही ताब्यात राहते, हे खरं आहे. पण गोळी कमी करायची की नाही, हे तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात. "शुगर नॉर्मल आली, आता बंद करू?" असं विचारणाऱ्याला मी म्हणते, नॉर्मल आली ती गोळीसकट आली. बीपीचंही तसंच. नियमित व्यायामाने वरचा आकडा काही अंकांनी उतरतो, हे छानच आहे. पण बसल्या जागी २००/११० दिसलं तर त्या दिवशी मी वॉर्म-अपसुद्धा करून घेत नाही.

गुडघे आणि हाडांबद्दल फार लांबवत नाही. गुडघ्यांची झीज झाली म्हणून बसून राहिलात तर मांडीचे स्नायू वाळतात आणि गुडघा आणखी दुखतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर वजन उचलायला शिकायचं, पण क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) आणि पाठीतून वाकून पायाची बोटं धरणं बंद, कारण त्याने मणका दबू शकतो. एवढंच.

राहिला गायब होणाऱ्यांचा प्रश्न. दोन-तीन महिन्यांनी जवळजवळ प्रत्येक जण एकदा गायब होतो. आजारपण, कामाचा रेटा, नाहीतर नुसता कंटाळा. पूर्वी मी फोन करून "का आला नाहीत?" विचारायची. समोरचा कारण सांगायचा आणि त्या कारणाला चिकटून बसायचा. आता मी म्हणते, "उद्या वीसच मिनिटं या, निम्मं वजन उचलू." परत येणाऱ्याला पहिल्या दिवशी निम्मंच द्यायचं, तो कितीही फुशारकी मारो.

ते 'लॉल'वाले काका अजून येतात. घड्याळ आता लॉकरमध्ये ठेवतात. ट्रेडमिलवर चढले की नोकरीतल्या जुन्या साहेबांची एखादी लांबलचक गोष्ट सुरू करतात. साहेब मला आता तोंडपाठ झालेत. मी हूं हूं करत शेजारी उभी असते. गोष्ट वाक्याच्या मध्येच अडली की चढ एका अंकाने खाली आणते, आणि साहेब पुन्हा बोलायला लागतात.